खोली क्रमांक ६१३

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शर्मरहॉर्न हॉल नावाची इमारत आहे. तिथली ६१३ क्रमांकाची खोली सोळा फूट रुंद आणि तेवीस फूट लांब, म्हणजे जेमतेम ३६८ चौरस फुटांची. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खोलीत आठ टेबलं दाटीवाटीने मांडलेली असत. कोपऱ्यात केळ्यांचा घड टांगलेला असे आणि फळ्यांवर दुधाच्या अर्ध्या पाइंटच्या शेकडो काचेच्या बाटल्या ओळीने लावलेल्या असत. प्रत्येक बाटलीत कुस्करलेलं केळं आणि त्यावर माश्या. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालणारी, आपण चिलटं म्हणून हाकलतो तीच ही दोन-तीन मिलिमीटरची माशी. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. आंब्या-पेरूंची नासाडी करणारी, शेतकऱ्यांना हैराण करणारी फळमाशी वेगळी.

या खोलीत एक प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी साधारण सतरा वर्षं माश्या मोजत बसले. आनुवंशिक गुणांचे घटक, म्हणजे जनुकं, पेशीतल्या गुणसूत्रांवर असतात, एका ओळीत असतात आणि त्यांचा क्रम ठरवता येतो, हे या मोजणीतून सिद्ध झालं. आज रक्ताच्या थेंबावरून आनुवंशिक आजाराचं निदान होतं किंवा गव्हाच्या वाणात तांबेऱ्याला दाद न देणारं जनुक नेमकं कुठे आहे ते शोधलं जातं, त्याचा पाया तिथे घातला गेला.

विद्यापीठातलं जीवशास्त्राचं संशोधन नेमकं कसं चालतं, हे समजून घ्यायला या खोलीइतकं बोलकं उदाहरण नाही. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र काम करतात तेव्हा काय साधतं आणि कुठे बिनसतं, ते दोन्ही इथे दिसतं.

संशयी प्राध्यापक

थॉमस हंट मॉर्गनचा जन्म १८६६ सालचा, केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापून आला तेही याच वर्षी. मेंडेल पुढे चौतीस वर्षं विस्मरणात गेला आणि १९०० साली त्याचे नियम पुन्हा उजेडात आले. तोवर मॉर्गन भ्रूणशास्त्रातला नावाजलेला प्रयोगकर्ता झाला होता. १८९० मध्ये त्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आणि १९०४ मध्ये एडमंड विल्सनच्या बोलावण्यावरून तो कोलंबियात आला.

गंमत अशी की ज्या सिद्धान्तासाठी मॉर्गनला पुढे नोबेल मिळालं, त्यावर सुरुवातीला त्याचा अजिबात विश्वास नव्हता. त्याच्याच विभागात विल्सन हा गुणसूत्रांचा मोठा जाणकार होता. विल्सनच्या वॉल्टर सटन नावाच्या विद्यार्थ्याने १९०२-०३ मध्ये नाकतोड्यांच्या पेशी तपासून लिहिलं होतं की गुणसूत्रं ज्या तऱ्हेने जोडीने येतात आणि वेगळी होतात, अगदी त्याच तऱ्हेने मेंडेलचे घटक वागतात. ब्रिन मॉरमध्ये नेटी स्टीव्हन्सने १९०५ मध्ये पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्यात दाखवून दिलं की नर की मादी हे एका गुणसूत्राच्या फरकावर ठरतं. ती मॉर्गनची तिथली विद्यार्थिनी. म्हणजे पुरावे मॉर्गनच्या आसपासच जमत होते. तरी त्याची शंका फिटेना. गुणसूत्रं मोजकी आणि गुण हजारो, मग हिशेब जुळायचा कसा? १९०९ मधल्या एका लेखात त्याने मेंडेलवाद्यांची चांगलीच खिल्ली उडवली. एका घटकाने उत्तर येत नसेल तर हे लोक दोन मानतात आणि दोन पुरले नाहीत तर तिसरा आणतात, असा त्याचा रोख होता.

हा संशय हेकेखोरपणाचा नव्हता. प्रयोगाने दिसेल तेवढंच खरं, ही त्याची शिस्त होती. पुढे जे घडलं ते या शिस्तीमुळेच.

माश्या प्रयोगशाळेत आल्या त्या वेगळ्याच कामासाठी. फर्नांडस पेन नावाच्या विद्यार्थ्याने १९०७-०८ च्या सुमारास अंधारात माश्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या. डोळ्यांचा वापरच झाला नाही तर ते हळूहळू क्षीण होतात का, हे त्याला बघायचं होतं. डोळ्यांना काही झालं नाही. पण हा प्राणी प्रयोगाला किती सोयीचा आहे ते सगळ्यांच्या लक्षात आलं. अंड्यापासून नवी माशी व्हायला दहा-बारा दिवस पुरतात, एक मादी शेकडो अंडी घालते, नर-मादी भिंगातून सहज ओळखू येतात आणि गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. खाण्याचा खर्च केळ्यांपुरता. उंदरा-सशांवर ज्या प्रयोगाला वर्षं लागली असती, तो इथे एका सत्रात उरकत होता.

४,२५२ माश्या

मॉर्गनला एखादा ठळक, अचानक उपजलेला बदल हवा होता. बराच काळ हाती काही लागेना. दोन वर्षं फुकट गेली, असं तो म्हणू लागला होता. अखेर १९१० मध्ये एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. या माशीचे डोळे एरवी लालभडक असतात.

या नराचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. पहिल्या पिढीत १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. तीन पांढरे नर तेवढे अपवाद. मग या पिढीतल्या नर-माद्यांचा आपसांत संकर केला. दुसऱ्या पिढीत लाल डोळ्यांच्या २,४५९ माद्या, लाल डोळ्यांचे १,०११ नर आणि पांढऱ्या डोळ्यांचे ७८२ नर मिळाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही.

हे आकडे जरा थांबून बघण्यासारखे आहेत. पांढरा डोळा एका पिढीत लपला आणि पुढच्या पिढीत परत आला, एवढं मेंडेलच्या नियमाला धरून झालं. ४,२५२ माश्यांत पाव हिस्सा म्हणजे हजाराच्या वर पांढरे हवे होते, ते ७८२ च भरले, कारण पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या जरा अशक्त निघतात. पण जे पांढरे होते ते झाडून सारे नर का? पांढरा डोळा मादीला मानवतच नसेल, अशी एक शक्यता होती. मॉर्गनने तीही तपासली. मूळ पांढऱ्या नराचा त्याच्याच लाल डोळ्यांच्या मुलींशी संकर केला. यावेळी १२९ लाल माद्या, १३२ लाल नर, ८८ पांढऱ्या माद्या आणि ८६ पांढरे नर मिळाले. म्हणजे पांढऱ्या डोळ्यांची मादी जन्मू शकते, जगू शकते. अट एवढीच की पांढरेपणाचा घटक तिला आई आणि बाप दोघांकडूनही मिळायला हवा.

मादीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, नरात एकच आणि त्याच्या जोडीला वाय नावाचं वेगळं गुणसूत्र. डोळ्याच्या रंगाचा घटक एक्सवर बसलेला आहे असं मानलं की सगळे आकडे जुळतात. नराकडे एक्स एकच असल्याने त्यावर पांढरेपणाचा घटक आला की डोळा पांढरा होणारच, झाकायला दुसरा एक्स नाही. जुलै १९१० मध्ये हा निबंध ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. त्यात मॉर्गन अजून जपून लिहीत होता, पण वर्षभरात त्याने आपला जुना पवित्रा सोडला. गुणसूत्रांच्या सिद्धान्ताची टर उडवणारा माणूस त्याचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊन उभा राहिला.

पदवीच्या वर्गातली दोन मुलं

कोलंबियातल्या चोवीस वर्षांत मॉर्गनने पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्राची सुरुवातीची व्याख्यानं एकदाच दिली, १९०९-१० या वर्षी. आल्फ्रेड स्टर्टव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस ही दोन मुलं नेमकी त्याच वर्गात बसली होती. मॉर्गनला व्याख्यानं देण्यापेक्षा प्रयोगशाळेत रमायला आवडे. त्या वर्षीही दुसऱ्याच कोणाला शिकवायला बसवलं असतं, तर आनुवंशशास्त्राचा इतिहास बहुधा वेगळा झाला असता.

स्टर्टव्हंट अलाबामातल्या शेतावर वाढलेला. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याचा त्याला लहानपणापासून नाद. मेंडेलबद्दल वाचल्यावर घोड्यांच्या रंगांचा उलगडा याच नियमांनी होतो, असं त्याला वाटलं. त्याने टिपण लिहून मॉर्गनला दाखवलं. मॉर्गनने ते छापून आणायला लावलं आणि या पोराला माश्यांच्या खोलीत एक टेबल दिलं. स्टर्टव्हंट रंगांधळा होता. डोळ्यांच्या छटा ओळखण्यावर जिथे अर्धं काम चाले, तिथे रंगांधळ्या मुलाला घेण्यात मॉर्गनला काही वावगं वाटलं नाही.

ब्रिजेस लहानपणीच पोरका झालेला. त्याला खोलीत काम मिळालं ते बाटल्या धुण्याचं. एके दिवशी धुवायला आलेल्या बाटलीत, जाड काचेतून, नुसत्या डोळ्यांनी त्याला एक माशी दिसली. तिचे डोळे नेहमीच्या लालपेक्षा जरा झगझगीत, शेंदरी होते. भिंग घेऊन बसणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला बदल बाटल्या विसळणाऱ्या मुलाने टिपला. मॉर्गनने त्यालाही टेबल दिलं.

स्टर्टव्हंटची कमाल १९११ च्या अखेरीची. तोवर एक्स गुणसूत्रावर बसलेले अनेक बदल सापडले होते: पिवळं शरीर, पांढरे डोळे, शेंदरी डोळे, छोटे पंख, खुरटलेले पंख. एकाच गुणसूत्रावर आहेत म्हटल्यावर ते पुढच्या पिढीत कायम एकत्र जायला हवेत. तसं होत नव्हतं. कधी कधी त्यांची ताटातूट होई. बेल्जियमच्या यान्सेन्सने १९०९ मध्ये सुचवलं होतं की जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होत असावी. मॉर्गनने तेच स्पष्टीकरण उचललं होतं. प्रश्न असा की काही जोड्या शेकड्यात एकदाच तुटतात आणि काही तीनदा-चारदा नव्हे, तर तीस-तीस वेळा तुटतात, हे कसं?

मॉर्गनशी बोलता बोलता स्टर्टव्हंटच्या डोक्यात उजेड पडला. पुणे-कोल्हापूर रस्ता कुठेतरी एका जागी झाड पडून बंद झाला असं समजा. झाड नेमकं सातारा आणि कराड यांच्या मधे पडण्याची शक्यता थोडी, कारण अंतर थोडं. पुणे आणि कोल्हापूर यांच्या मधे मात्र ते पडणारच. म्हणजे कोणती दोन गावं किती वेळा तुटतात याची नोंद ठेवली, तर नकाशा हाती नसतानाही गावांचा क्रम आणि अंतरं काढता येतील.

त्या रात्री कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून तो आकडे घेऊन बसला आणि सकाळपर्यंत जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार झाला. वय जेमतेम वीस. निबंध १९१३ मध्ये छापला गेला. त्यातले हिशेब आजही वाचायला मजा येते. पिवळं शरीर आणि पांढरे डोळे यांची ताटातूट २१,७३६ माश्यांत २१४ वेळा, म्हणजे शेकडा एक. शेंदरी डोळे आणि छोटे पंख ५७३ मध्ये १७ वेळा, शेकडा तीन. पांढरे डोळे आणि शेंदरी डोळे यांच्यात शेकडा २९.७. आता पडताळा बघा. पांढरे, मग शेंदरी, मग छोटे पंख असा क्रम असेल, तर पांढऱ्या डोळ्यांपासून छोट्या पंखांपर्यंत २९.७ अधिक ३.०, म्हणजे ३२.७ यायला हवेत. प्रत्यक्ष मोजणीत आले ३३.७.

लांबच्या अंतरांचा हिशेब मात्र असा जुळेना. पांढरे डोळे ते खुरटलेले पंख हे अंतर बेरजेने ५६.६ भरतं, पण प्रत्यक्षात ताटातूट दिसली शेकडा ४५.२ च. स्टर्टव्हंटने याचंही कारण दिलं. लांब अंतरात कधी दोनदा अदलाबदल होते आणि दुसरी पहिलीला खोडून काढते. टोकाचे दोन्ही गुण पुन्हा एकत्र दिसतात आणि ती घटना मोजणीतून निसटते. नियम मोडणाऱ्या आकड्याचंही त्याने असं कारण शोधलं. या अंतराच्या एककाला पुढे जे. बी. एस. हाल्डेनने मॉर्गनचं नाव दिलं. आज जगभर नकाशे सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात.

ब्रिजेसचे अपवाद

ब्रिजेसचा पिंड वेगळा. तो अपवादांच्या मागे लागे. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर असा संकर केला, तर सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या आणि सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत, कारण मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण साधारण दोन हजारांत एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे, नाही तर एखादा मुलगा लाल डोळ्यांचा. दुसऱ्या कोणी ‘मोजताना चूक झाली असेल’ म्हणून हे सोडून दिलं असतं.

ब्रिजेस म्हणाला, अंडं तयार होताना आईच्या दोन एक्सची फारकत झालीच नाही. मग एका अंड्यात दोन्ही एक्स गेले किंवा एकही गेला नाही. दोन एक्सच्या अंड्याला बापाकडून वाय मिळालं तर एक्स-एक्स-वाय अशी पांढऱ्या डोळ्यांची मुलगी होईल. हे अनुमान खरं असेल, तर त्या मुलीच्या पेशीत एक जादा वाय गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं पाहिजे. त्याने पेशी रंगवून पाहिल्या आणि जादा वाय दिसलं. डोळ्याच्या रंगावरून केलेलं भाकीत पेशीच्या आत खरं ठरलं. जनुकं गुणसूत्रांवर असतात याबद्दल उरलेसुरले आक्षेप इथे संपले. ब्रिजेसचा हा प्रबंध १९१६ मध्ये ‘जेनेटिक्स’ नियतकालिकाच्या पहिल्या अंकात पहिलाच लेख म्हणून छापला गेला. १९५९ मध्ये डाउन सिंड्रोमच्या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत सापडली. तीही अशाच न झालेल्या फारकतीतून येते.

खोलीतलं काम

रोजचं काम कंटाळवाणं होतं. बाटलीतल्या माश्यांना ईथरने गुंगी आणायची, पांढऱ्या पृष्ठभागावर पसरायच्या, एकेक बाजूला सारत डोळे, पंख, केस, रंग बघायचे आणि वहीत आकडा मांडायचा. मॉर्गन साध्या भिंगाने मोजायचा. दोन्ही डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक खोलीत आणला ब्रिजेसने. केळ्यांच्या लगद्याऐवजी अगर घालून घट्ट केलेलं खाद्य रुळवण्यातही त्याचा मोठा वाटा होता. खोलीत वास असे, झुरळं फिरत. १९२७ च्या अखेरीस थिओडोसियस डोब्झान्स्की लेनिनग्राडहून मोठ्या भक्तिभावाने इथे आला, तेव्हा ही अस्वच्छता बघून तो चाटच पडला.

या कळकट खोलीत बोलण्याला मात्र बंधन नव्हतं. सगळे मॉर्गनला ‘बॉस’ म्हणत, पण त्याच्या चुका त्याच्या तोंडावर दाखवत. प्रत्येकाचा प्रयोग वेगळा आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या बाटलीत काय चाललंय ते ठाऊक. आठ टेबलांच्या खोलीत गुपित राहणार तरी कुठे? १९१५ मध्ये मेंडेलीय आनुवंशिकतेच्या यंत्रणेवरचं पायाभूत पुस्तक निघालं, त्यावर मॉर्गन, स्टर्टव्हंट, हर्मन मुलर आणि ब्रिजेस अशी चार नावं होती. त्याच वर्षीपासून कार्नेगी इन्स्टिट्यूशनने स्टर्टव्हंट आणि ब्रिजेस यांच्या पगाराची सोय केली. नुसत्या हौसेवर संशोधन फार काळ चालत नाही, त्यामागे कोणीतरी महिन्याचा पगार उभा करावा लागतो.

दुसरी रीत देवाणघेवाणीची. खोलीत सापडलेले बदललेले वाण मागेल त्या प्रयोगशाळेला फुकट पाठवले जात. ती प्रथा अजून टिकून आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन इथल्या माशीसंग्रहात आज सत्तर हजारांहून अधिक वाण आहेत आणि तिथून जगभर बाटल्या जातात.

श्रेयाचा वाद

या खोलीचं वर्णन करताना सगळं गोडगोड लिहिण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. मुलर हा पुस्तकावरच्या त्या चौघांतला बहुधा सर्वांत तल्लख विचार करणारा. पण पोटापाण्यासाठी त्याला बाहेर शिकवावं लागे, त्यामुळे बाटल्यांजवळ तो इतरांइतका नसे. चर्चेत आपण कल्पना मांडतो, दुसरे ती प्रयोगात उतरवून छापतात आणि आपलं नाव राहतं बाजूला, ही त्याची तक्रार. स्टर्टव्हंटच्या मते खोलीत कल्पना कोणाची याचा हिशेब कोणीच ठेवत नव्हतं. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. मोकळ्या चर्चेचा फायदा ज्याच्या हातात बाटली असते त्याला जास्त होतो आणि तोटा नुसत्या बोलणाऱ्याला. मुलर पुढे टेक्सासला गेला, १९२७ मध्ये क्ष-किरणांनी माश्यांत हवे तितके बदल घडवता येतात हे त्याने दाखवलं आणि १९४६ मध्ये स्वतःचं नोबेल मिळवलं.

स्त्रियांची कहाणी आणखी झाकलेली. निबंधांतली माश्यांची अप्रतिम चित्रं एडिथ वॉलेसने काढली. मॉर्गनची पत्नी लिलियन स्वतः जीवशास्त्रज्ञ होती. मुलं मोठी झाल्यावर ती प्रयोगशाळेत परतली. १९२१ मध्ये तिला असा वाण सापडला ज्यात मुली नेमक्या आईसारख्या आणि मुलगे बापासारखे होत. दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना कायमची जोडली गेली आहेत, हे तिने ओळखलं. तिचा वाण पुढे असंख्य प्रयोगशाळांनी वापरला. पगाराची जागा मात्र तिला तिथे कधी मिळाली नाही. नेटी स्टीव्हन्स तर १९१२ मध्येच वारली.

१९३३ चं नोबेल एकट्या मॉर्गनला मिळालं. तोवर तो १९२८ पासून कॅलिफोर्नियात कॅलटेकला होता. बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्याने आपल्या मुलांबरोबर स्टर्टव्हंटच्या आणि ब्रिजेसच्या मुलांनाही दिला. माणूस म्हणून ही गोष्ट मोठी. पण पैसे वाटता येतात, इतिहासातलं नाव वाटता येत नाही, आणि मुलरला त्यातलं काहीच मिळालं नाही.

पुढच्या पिढ्या

या खोलीची पद्धत विद्यार्थ्यांकडून त्यांच्या विद्यार्थ्यांकडे गेली. स्टर्टव्हंटच्या हाताखाली तयार झालेल्या एडवर्ड लुइसला शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांसाठी १९९५ चं नोबेल मिळालं. कॅलटेकमध्येच सेमूर बेंझरच्या रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने दिवस-रात्रीची लय बिघडलेल्या माश्या शोधल्या. १९७१ मध्ये त्याने दाखवलं की ही लय एका जनुकावर अवलंबून आहे. त्या जनुकाचा पुढचा माग काढणाऱ्या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

बेंझरबरोबर काम केलेल्या ओबेद सिद्दिकी यांनी ही माशी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजवली. तिथे वेरोनिका रॉड्रिग्ज पीएच.डी.साठी त्यांच्याकडे आल्या. माशीला वास आणि चव कशी कळते याचा वेध त्या दोघांनी जनुकांमार्फत घेतला, तोही १९७० च्या दशकात, जेव्हा या विषयावर काम करणारे जगात थोडे होते. मुलरकडे शिकलेल्या एस. पी. रायचौधुरी यांच्यामुळे बनारसला माशीच्या संशोधनाची परंपरा उभी राहिली. पुण्याच्या आयसरमध्ये आज या माशीवर एकाहून अधिक प्रयोगशाळा काम करतात. आपल्याकडे माशीचं खाद्य पुष्कळदा रवा, गूळ आणि अगर शिजवून करतात. बाटलीचा खर्च अजूनही नगण्यच आहे.

तेव्हा साधनं नाहीत म्हणून संशोधन होत नाही, हे कारण निदान जीवशास्त्राच्या सगळ्या शाखांना लागू पडत नाही. आपल्या अनेक महाविद्यालयांत प्रकल्पाच्या नावाखाली मागच्या वर्षीची वही पुढच्या वर्षाची तारीख घालून सादर होते. त्यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न हातात दिला तर कोणीही नक्कलच करणार. मॉर्गनने पदवीच्या पोरांना दिलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःला माहीत नव्हती. उलट, त्या उत्तरांनी त्याचंच जुनं मत खोडून काढलं आणि ते त्याने मान्य केलं.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेण्याची सोय झाली आहे. तिचं सोनं करायचं की आणखी एक वही वाढवायची, हे प्रत्येक विभागातल्या शिक्षकांच्या हातात आहे. त्यांना एवढीच विनंती. विद्यार्थ्याला असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही, त्याच्या आकड्यांनी तुम्ही चुकीचे ठरलात तर तसं जाहीर म्हणा आणि निबंध छापताना, बाटल्या धुणाऱ्यापासून चित्रं काढणाऱ्यापर्यंत, ज्याचं काम असेल त्याचं नाव घाला.